कार्डांचे वाटे

बाबलीनं आजवर हापूसच्या इतक्या पेट्या भरल्या होत्या, की डोळे बांधले तरी कुठल्या थराला किती पेंढा लागेल ते त्याचा हात बरोबर सांगे. आणि या माणसाला क्रिकेटची जुनी कार्डं ठेवायला एक डबा निवडता येईना. मिठबावात आंबा तोडणीला आलेला, वाडीतले सगळे घाईत, आणि हा पडवीत बसून मोबाइलवर प्लास्टिकचे प्रकार वाचतोय. बायको दिव्या दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा मात्र तिला राहवलं नाही.

"ओ, कलमावरचे आंबे काय ती कार्डा येवन उतरवतली?"

बाबलीनं मान वर केली नाही. कागदोपत्री तो दत्ताराम, पण त्या नावानं त्याला तलाठी आणि बँक सोडून कोणी हाक मारत नसे.

कार्डं काय मोठी? तो शाळेत असताना च्युइंगमच्या पुडीतून येत. पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याच्या धावा नि बळी. हातात पैसा नसे. वाडीतली पोरं काजूच्या बागांतून गळलेल्या बिया वेचायची, त्या दुकानात द्यायच्या आणि बदल्यात गम घ्यायचा, असा व्यवहार. बाबली आणि त्याचा धाकटा भाऊ कौस्तुभ दोघं मिळून बिया वेचत. बाबलीला गमची चव आवडायची नाही, म्हणून कौस्तुभ दोघांचा गम चघळी आणि दोन्ही कार्डं एकाच पत्र्याच्या डब्यात पडत. कुठलं कार्ड कोणाच्या बीचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. भांडणं झाली ती कार्ड आधी हातात कोणी धरायचं यावरून. एकदा तर कौस्तुभनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता.

तो डबा इतकी वर्षं टिकला तो त्यांच्या आईमुळं. आनंदीबाई दर पावसाळ्यात तो चुलीवर टांगलेल्या फळीवर ठेवी, सुक्या मासळीच्या शेजारी. धुरानं नि ऊबेनं कार्डांना बुरशी धरली नाही. वास मात्र धरला. गेल्या वर्षी आनंदीबाई गेली. चूल तर त्याआधीच गेली होती, गॅसच्या शेगडीवर कोण फळी टांगतो?

आई गेल्यावर कौस्तुभचा पनवेलहून फोन आला. "भाई, एकदा वाटणी करून टाकया. मे महिन्यात रजा काढतंय." आवाज अगदी गोड. बाबलीनं हो म्हटलं. भांडण नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. भांडणाऱ्या भावाला चार माणसं घालून समजावता येतं. गोड बोलणाऱ्याला काय समजावणार? घर, कलमं, भातशेतीचे कोपरे, सगळ्याचा मसुदा वकिलानं तयार केला. कौस्तुभच्या वाट्याच्या खोल्यांना कुलूप लागणार होतं आणि त्याची कलमं कराराने दुसऱ्याला जाणार होती. म्हणजे यापुढं मिठबावात त्याचं काही काम उरणार नव्हतं.

त्या कागदात पत्र्याच्या डब्याचा उल्लेख नव्हता. हे लक्षात आलं त्या दिवसापासून बाबलीच्या जिवाला थोडी आशा लागली. एवढा एक जिन्नस सामायिक ठेवायचा. सामायिक जिनसेपायी माणूस येतो, निदान चौकशी तरी करतो. भाऊ आपल्यापासून पुरता तुटू नये, एवढंच त्याला हवं होतं. ते तोंडानं सांगायची त्याला लाज वाटे, म्हणून तो डबे शोधत होता.

मालवणच्या बाजारात दाजीचं स्टेशनरीचं दुकान आहे. दाजी म्हणजे जिभेला हाड नाही, पण माल पारखून ठेवणारा.

"अल्बम दाखय वायच," बाबली म्हणाला. "कार्डा ठेवूक."

"लग्नाची?"

"क्रिकेटची."

दाजीनं चष्मा कपाळावर चढवला. "ह्या वयात? दिव्यान घरातसून भायर काढलान काय रे तुका?"

तरी त्यानं माल काढला. पहिला निघाला फोटोंचा अल्बम, चिकट पानांचा. बाबलीनं पान उचकटून नाकाशी धरलं आणि परत दिला. एकदा चिकटलेलं कार्ड त्यातून निघताना अर्धं तिथंच राहिलं असतं. मग व्हिजिटिंग कार्डांची वही, तिचे कप्पे तोकडे. मग ऑफिसातली जाड फाइल, मऊ प्लास्टिकच्या पानांची. बाबलीनं पानावर आंबा दाबतात तसा अंगठा दाबला, वास घेतला. नव्या रेनकोटाचा असतो तसला वास. मोबाइलवर वाचलेलं त्याला आठवलं: असलं मऊ प्लास्टिक गरमीनं घाम सोडतं आणि छापलेल्या चित्राला चिकटतं.

"ह्या नको. खेळाडूचा तोंडच तेका लागान येतला."

"तुजो खेळाडू आसा की जावय रे?" दाजी वैतागला, पण हटला नाही. आतून त्यानं दोन वस्तू आणल्या. एक कड्यांची वही, तिच्यात कडक, बिनवासाची पानं. प्रत्येक पानाला नऊ कप्पे, कप्प्याचं तोंड बाजूला, म्हणजे वही उलटी धरली तरी कार्ड घसरत नाही. दुसरा एक आरपार दिसणारा डबा, झाकणाला आतून रबर.

"माजा आयकशीत तर डबो घे," दाजी म्हणाला. "आपल्या हवेत वही म्हणजे बुरशीक जेवणाचा आमंत्रण. डब्यात कार्डा उभी लाव, आत त्या बुटांच्या खोक्यात येतत तसल्यो पुडयो टाक. पण एक आसा. पावसात दर पंधरवड्यान झाकण उघडूक व्हया. पुडयो बदलूच्यो, कार्डांका वायच वारो दिवचो. नायतर आतलो दमटपणा आतच रवता, मगे डब्यासारखो वैरी नाय."

बाबलीनं दोन्ही वस्तू काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. दाजीचं खरं होतं. पण डब्यात कार्डांची चळत होते, आणि चळत काय, कोणीही मधे बोट घालून दोन करावी. वहीत प्रत्येक कार्डाला जागा असते, शेजार असतो. अख्खा संघ समोर उघडतो. असा मांडलेला संघ फोडायला माणसाचा हात धजणार नाही, असं त्याला वाटलं.

"वही दी," तो म्हणाला. "डबो पण दी. फाटक्यांका."

"नि वहीक बुरशी इली मगे?"

"कपाटात बल्ब लावतंय."

त्यापुढं रोज संध्याकाळी बाबली आंब्याचा चीक बंबातल्या राखेनं घासून घासून हात धुई, फडक्यानं कोरडे करी आणि पडवीत चटईवर बसे. एकेक कार्ड तो कडेला धरून कप्प्यात सरकवायचा. वेस्ट इंडीजचे उंच गोलंदाज एका पानावर, श्रीलंकेचे दुसऱ्यावर, आपले मधोमध. चकाकणारी होती त्यांच्याशेजारी त्यानं मुद्दाम दुमडलेली, तेलकट डागांची लावली, कारण संघ म्हटला की सगळे आले. डबा रिकामाच राहिला. दिव्या दारात उभी राहून बघत होती.

"माका हळद लागली तेवा माजो हात येवढ्या हळू धरलास नाय तुमी."

बाबली हसला. त्या दिवसांत तो खरंच बरा असे, रात्री झोपही लागे. वेड्याला वाटत होतं की हे जमणार.

कौस्तुभ आला तो एकटाच, गाडी चालवत. पोरांचे क्लास, बायकोला रजा नाही. दुसऱ्या दिवशी देवगडला नोंदणी ऑफिसात जाऊन दोघांनी सह्या केल्या, अंगठे दिले, कॅमेऱ्यासमोर बसले. ऑफिसात कौस्तुभ साहेबाशी छान पुस्तकी मराठीत बोलला आणि काम लवकर झालं. परत आल्यावर चहा झाला. ऊन उतरलं होतं. बाबलीनं कपाटातून वही आणली आणि कौस्तुभच्या मांडीवर ठेवली.

कौस्तुभनं पहिलं पान उलटलं आणि ओरडलाच. "भाई! ही अजून आसत?"

त्यानं पानं उलटली, परत मागं गेला, एका यष्टिरक्षकाच्या मिशांवर बोट ठेवून खो खो हसला. मग वही नाकाशी नेली. "सुक्या बांगड्यांचो वास! आवशीची फळी मरे ही!" त्याचे डोळे भरून आले होते, बाबलीनं नीट पाहिलं. बाबलीला वाटलं, देव पावला. घर गेलं, कलमं गेली, जाऊ देत, भाऊ हाताला लागला. आणि त्याच भरात तो बोलून गेला.

"ही आपण सामायिक ठेवया. तू येशीत तेवा बघ. व्हयी तर एक वरस थंय ने, एक वरस हय ठेव."

कौस्तुभचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं वही मिटून दोघांच्या मधे ठेवली.

"नाय भाई. सामायिक काय्येक ठेवचा नाय."

"अरे, पोरांची कार्डा ती..."

"बाबांनी नि काकांनी बाव सामायिक ठेवली, ती इसरलस?"

ते कोण विसरणार! बापाची आणि काकांची वाटणी हसतखेळत झाली होती. विहीर तेवढी दोघांची राहिली. मग गाळ उपसायची पाळी कोणाची यावरून शब्द गेला, शब्दावरून बोलणं गेलं आणि शेवटी वकील आले. त्यानंतर त्या घरात एक रीत पडली: दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. काकांच्या माडाचा नारळ यांच्या अंगणात पडला तर तो तिथंच पडून राही, त्याला कोंब येई, मग तो कोंबही उन्हात वाळे. आनंदीबाई अंगण झाडताना त्याच्या भोवतीनं झाडू फिरवायची. काका वारले तेव्हा बाप दगडी गडग्याच्या आडून बघत उभा राहिला, पण उंबरा ओलांडून गेला नाही.

"माका तुज्याशी भांडण नको," कौस्तुभ म्हणाला. "आवस गेली. तूच एक उरलस माका. आपल्यात अडकलेला असा कायच रवता नये, म्हणजे कदी शब्द जावचो नाय."

तो मनापासून बोलत होता. त्याच्या डोळ्यांत लबाडी असती तर बाबलीनं वही पोटाशी धरून त्याला चार शिव्या घातल्या असत्या. पण प्रेमानं तोडायला निघालेल्या माणसापुढं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"वाटे तू घाल," कौस्तुभ म्हणाला. "मोठ्यान घालूचे, धाकट्यान आदी उचलूचो. रीत ती रीत."

रीत शहाणपणाचीच आहे. धाकटा आधी उचलणार म्हटल्यावर मोठा वाटे सारखेच घालतो. बाबलीनं वही पुढ्यात ओढली. ज्या कप्प्यांची तोंडं त्यानं मालवणात बोट घालघालून पारखली होती, त्यांतून कार्डं अगदी सहज निघत होती. वेस्ट इंडीज फुटला, श्रीलंका फुटली. आपल्या संघाशी आल्यावर त्याचा हात थांबला, आणि त्याच्या डोक्यात भलतंच आलं.

त्यानं वाटे वाकडे घातले. चकाकणारी, कोऱ्या कडांची सगळी एका बाजूला. दुमडलेली, डागाळलेली, कोपरे उडालेली सगळी दुसऱ्या. लपवाछपवी काहीच नाही, आंधळ्यालाही कळावं इतकं उघड. आता हा बघेल, चिडेल. म्हणेल, भाई, हे काय वाटे झाले? मग मी म्हणेन, तुला काय अक्कल आहे कार्डांची? आवाज चढेल, दिव्या बाहेर येईल, हा रुसून जेवणार नाही, आणि वाटणी राहून जाईल. बाबलीनं दोन्ही ढीग पुढं सरकवले आणि जीव मुठीत धरून बसला. आयुष्यात भांडणाची इतकी वाट त्यानं कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात कौस्तुभचा फोन वाजला.

"हो सर, बोला. हो, उद्या सकाळी निघतोय. नाही नाही, इकडचं काम संपलं." बोलता बोलता त्यानं हात पुढं केला आणि जवळचा ढीग आपल्याकडं ओढला. तो चांगला होता. पण बघून त्यानं ओढलाच नव्हता, त्याची नजर समोरच्या माडांवर होती. त्याच्या हाताजवळ चिंध्या असत्या तर त्यानं चिंध्या ओढल्या असत्या.

फोन ठेवून तो उठला आणि बाबलीच्या पाठीवर थाप मारली. "झाला बघ. आता आपल्यात काय्येक बाकी नाय."

"नाय," बाबली म्हणाला.

त्यानं कौस्तुभचा वाटा त्या आरपार डब्यात उभा लावला, बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं. फाटकी कार्डं उरली ती वहीत गेली, विरळ विरळ, मधले कप्पे मोकळे ठेवून.

सकाळी गाडी भरताना दिव्यानं हात आखडला नाही. आंब्याच्या पेट्या, नारळ, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ, आनंदीबाईचं तांब्याचं तपेलं. मागची सीटही भरली. बाबली डबा छातीशी धरून उभा होता.

"तो आता नको भाई, पेटयेखाली चेपतलो," कौस्तुभ म्हणाला. "मगे कुरियर कर."

"करतंय. पत्तो तोच मा? टाकीच्या मागची बिल्डिंग?"

"नाय रे. थंयसून आमी हललंव. दिवाळीत नवीन जाग्यार गेलंव." कौस्तुभ सीटबेल्ट ओढत होता. "सांगलंय नाय मी तुका? सांगलंय आसतलंय. बरा, पत्तो मोबाइलवर धाडतंय."

दिवाळीत. तेव्हा आई जाऊन थोडेच महिने झाले होते. भावानं घर बदललं, सामान हललं, दारावर तोरण लागलं, आणि इथं कोणाला माहीत नाही. गाडी वळणाआड गेली तरी तो डबा घेऊन उभाच होता. शेवटी दिव्यानं येऊन त्याला आत नेलं.

पत्ता आला नाही. बाबलीनं आठवण केली तर उत्तरादाखल एक अंगठा आला. पुन्हा केली तर 'पाठवतो' असं आलं. एकदा धीर करून फोन लावला. "भाई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो," कौस्तुभ म्हणाला, तेही पुस्तकी मराठीत, साहेबाशी बोलला होता तसं. नंतर काही फोन आला नाही. रागावायला जागा नव्हती, तो कधी वाईट बोललाच नव्हता.

पाऊस लागला आणि चांगला मुरला. भिंतींना ओल आली, मिठाचं पाणी झालं, कपडे वाळेनात. डबा माजघरातल्या टेबलावर होता. आषाढात एका सकाळी बाबलीला झाकणाखाली आतून वाफ धरलेली दिसली. मग वाफेचे थेंब झाले. मग सर्वांत पुढच्या कार्डावर, एका फलंदाजाच्या गालावर, पांढरा ठिपका दिसला. चार दिवसांत त्याच्या हेल्मेटवरही ठिपके आले.

दिव्याला ते बघवेना. "ओ, उघडा मा तो डबो. दाजीन सांगल्यान मा, पंधरवड्यान उघडूक व्हयो म्हणान? पुडयो आणून ठेवलंय मी. फाटकी कार्डा थंय कपाटात बल्बाखाली सुकी खडखडीत आसत, नि चांगली हय कुसतत!"

"तो तेचो वाटो."

"वाटो कसलो? वारो घालूक काय वाटणी मोडता?"

"उद्या तो म्हणतलो, माज्या डब्याक हात कित्याक लावलंस?"

दिव्या त्याच्या जवळ आली. मग तिचा आवाज मऊ झाला. "तो काय म्हणाचो नाय ओ. तेका आठावत पण नसतला."

बाबलीला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर तो झाकणाला बोट लावत नव्हता. कौस्तुभनं उद्या येऊन विचारावं, कित्याक लावलंस हात, असं म्हणत अंगावर धावून यावं, एवढं जरी होणार असतं तरी त्यानं डबा कधीच उघडला असता. पण विचारायला कोणी येणार नाही हे एकदा उघडून मान्य केलं, की मग तो वाटा कोणाचाच राहणार नव्हता, आणि कार्डं कोणाचीच नसण्यापेक्षा ती भावाची असून कुजलेली त्याला बरी वाटत होती.

श्रावण आला. ठिपके वाढून चेहरे झाकले गेले, मागचे कोण ते ओळखू येईना. दिव्यानं आणलेल्या पुड्या तशाच फळीवर पडून राहिल्या आणि त्यांनाही ओल आली. बाबली रोज सकाळी चहा झाला की खांद्यावरच्या पंच्यानं डब्याचं झाकण पुसतो, चारी बाजू पुसतो, उजेडाकडं धरून आत बघतो, आणि बाहेरून लख्ख झालेला डबा परत टेबलावर ठेवतो.